आवक फार, उठाव नाही: ‘ग्लट’ म्हणजे नक्की काय?

अर्थविषयक बातम्यांत एक छोटासा इंग्रजी शब्द वरचेवर येतो: ग्लट. तेलाचा ग्लट, कॉम्प्युटर चिप्सचा ग्लट, पोलादाचा ग्लट, गेला बाजार इंजिनिअरांचाही ग्लट. शब्दकोश उघडला की ‘विपुलता’, ‘रेलचेल’ असे अर्थ मिळतात आणि गोंधळ वाढतो. रेलचेल तर चांगली. आंब्याची रेलचेल झाली म्हणून कोणी कपाळाला हात लावत नाही. मग ग्लटची बातमी असली की तिच्यासोबतच्या फोटोत टोमॅटो रस्त्यावर ओतलेले का दिसतात?

नवी मुंबईकराला याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. तुर्भ्याला पहाटे एक चक्कर मारली तरी पुरे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीला सगळे सवयीने ‘वाशी मार्केट’ म्हणतात, आणि तिथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाले आणि धान्य असे पाच बाजार आहेत. पूर्वी हा व्यापार मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट अशा मुंबईच्या दाटीवाटीत चालायचा. शहराचा श्वास कोंडायला लागला तसा तो टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आला. आज मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल इथल्या कोट्यवधी लोकांच्या पानातलं बरंचसं याच गाळ्यांतून जातं.

इथली भाषा ऐकली की ग्लटची व्याख्या आयती मिळते. ‘आज आवक फार आहे, उठाव नाही.’ माल आला तो आवक, गिऱ्हाइकाने उचलला तो उठाव. नुसती आवक वाढली म्हणून ग्लट होत नाही. दिवाळीच्या तोंडावर झेंडूची आवक प्रचंड असते, पण उठावही तसाच असतो, म्हणून तो हंगाम. तीच फुलं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आली तर तो ग्लट. फूल तेच, वजन तेच, एक दिवस उशीर.

म्हणजे ग्लट मालाच्या आकड्यात नसतो. तो माल, जागा आणि वेळ यांच्या जमण्यात किंवा फसण्यात असतो. ठाणे स्टेशनवर सकाळी जी चेंगराचेंगरी होते ती शहरात माणसं जास्त झाली म्हणून नव्हे, ती सगळी एकाच गाडीला आली म्हणून होते. ग्लटचंही तेच आहे.

यातली सगळ्यात निर्दय गोष्ट म्हणजे वेळ, आणि ती बघायची तर पालेभाज्यांच्या गाळ्यात. कोथिंबिरीची जुडी घ्या. शेतातून संध्याकाळी उपटलेली, पाणी मारून रचलेली, रात्रभर टेम्पोतून आलेली. वरच्या जुड्या ताज्यातवान्या दिसतात. पण हात आत घातला तर मधल्या जुड्या गरम लागतात, कारण उपटली तरी भाजी जिवंतच असते, तिचा श्वसनाचा उद्योग चालूच असतो आणि त्यातली ऊब रचलेल्या ढिगात कोंडते. दुपारपर्यंत आतली पानं पिवळी पडायला लागतात. आडत्याला, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाला, हे माहीत असतं, घेणाऱ्यालाही माहीत असतं, आणि एकाला माहीत आहे हे दुसऱ्यालाही माहीत असतं. म्हणून पहाटे सौद्यात जो ताठा असतो तो ऊन चढेल तसा उतरत जातो. सकाळी उशिरा येणारे काही फेरीवाले मुद्दाम याच वेळेची वाट बघतात. माल दुय्यम मिळतो, पण भाव त्यांचा चालतो.

आता पैशाचं गणित बघू, कारण ग्लटमधली खरी गंमत (शेतकऱ्याच्या दृष्टीने थट्टा) तिथे आहे. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा एका बाजाराला रोज टोमॅटोच्या 100 गाड्या लागतात आणि तेव्हा भाव किलोला 20 रुपये असतो. एके दिवशी 120 गाड्या आल्या. वीस टक्के माल वाढला, तर भाव वीस टक्के उतरावा, म्हणजे 16 रुपये व्हावा, असं वाटतं. तसं होत नाही. भाव 8 वर येतो.

का? कारण तुम्ही-आम्ही टोमॅटो मोजूनमापूनच खातो. भाव निम्मा झाला म्हणून कोणी आमटीत दुप्पट टोमॅटो घालत नाही. फार तर एखादं सार जास्त होतं, एखादी कोशिंबीर. म्हणजे जादाच्या वीस गाड्यांना गिऱ्हाईक शोधायचं तर भाव थोडा उतरवून चालत नाही, तो इतका पाडावा लागतो की ज्याला टोमॅटो नकोच होते त्यालाही ‘घेऊन ठेवू’ असं वाटलं पाहिजे. आणि बाजारात एकाच प्रतीचा माल दोन भावांनी विकला जात नाही. शेजारच्या गाळ्यावर 8 ने मिळत असेल तर इथे 20 कोण देणार? म्हणून जादाच्या वीस गाड्या उरलेल्या शंभर गाड्यांचाही भाव पाडतात.

हिशेब करा. 100 गाड्या गुणिले 20, म्हणजे 2000. 120 गाड्या गुणिले 8, म्हणजे 960. पीक जास्त आलं आणि सगळ्या शेतकऱ्यांच्या हातात मिळून निम्म्यापेक्षा कमी पैसे आले. पुस्तकात याला ‘मागणी अलवचिक असणे’ म्हणतात. ही गोष्ट लोकांना फार जुनी माहीत आहे. चार्ल्स डेव्हनंट नावाच्या इंग्रज लेखकाने 1699 मध्ये धान्याचा असाच एक तक्ता छापला. तो ग्रेगरी किंग या आकडेमोड्याच्या नावाने ओळखला जातो. त्यात पीक एक दशांशाने घटलं तर भाव तीन दशांशाने वाढतो आणि पीक निम्म्यावर आलं तर भाव साडेचारशे टक्क्यांनी वाढतो, असं मांडलंय. तक्ता तुटवड्याचा आहे, पण घसरगुंडी दोन्ही बाजूंना आहे.

2023 चा फेब्रुवारी अनेकांना आठवत असेल. एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वगैरे मिळून 509 रुपये 51 पैसे कापले गेले आणि हिशेबाच्या पट्टीवर शिल्लक राहिले 2 रुपये 49 पैसे. चेक आला दोन रुपयांचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला, आणि ‘व्यापाऱ्यांनी लुटलं’ इथपासून ‘शेतकऱ्यांनी एवढा कांदा लावलाच कशाला’ इथपर्यंत सगळं बोलून झालं.

पण तो कांदा कुठला होता हे फार थोड्यांनी विचारलं. आपल्याकडे कांदा ढोबळ मानाने तीन वेळा येतो. खरिपाचा लाल, त्याच्या मागचा रांगडा आणि मार्चनंतरचा उन्हाळ. उन्हाळ कांद्याची साल घट्ट असते, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, नीट ठेवला तर तो चार-पाच महिने सहज निघतो. लाल आणि रांगडा ओलसर, ठेवले की कोंब फुटतात नाही तर सडतात. फेब्रुवारीत बाजारात असतो तो हा न टिकणारा कांदा. मे महिन्यात भाव नाही मिळाला तर शेतकरी कांदा चाळीत टाकून थांबू शकतो. फेब्रुवारीत थांबणं हा पर्यायच त्याच्याकडे नसतो. कांदा एकच पीक असलं तरी भाव पाडून घेण्याच्या बाबतीत ती दोन वेगळी पिकं आहेत, असं मला वाटतं.

मग टोमॅटो रस्त्यावर का ओततात, गरिबांना का वाटत नाहीत, हा प्रश्न ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर वर्षी येतो. वाटायला हरकत कोणाचीच नसते. पण तोडणीची मजुरी, क्रेट, भाडं हे सगळं शेतकऱ्याच्या खिशातून जातं. किलोला तीन रुपये मिळणार असतील आणि शहरात पोचवायलाच पाच लागणार असतील तर फुकट वाटण्यासाठीही त्याला किलोमागे पाच रुपये घालावे लागतील. बाजारात आणलेला माल न खपता परत न्यायचा तर पुन्हा भाडं. त्यापेक्षा तो तिथेच ओतून मोकळा होतो. काही जण तर तोडतच नाहीत, उभ्या पिकात मेंढरं सोडतात किंवा रोटाव्हेटर फिरवतात.

‘मग केचप का करत नाहीत?’ हा दुसरा ठरलेला प्रश्न. केचपला लागतो गराचा, कमी पाण्याचा टोमॅटो. आपण भाजीला घेतो त्या वाणात पाणी जास्त. तो आटवायला इंधन इतकं लागतं की फुकट मिळाला तरी कारखान्याला परवडेलच असं नाही. शिवाय वर्षातून तीन आठवडे माल फुकट आणि बाकी वर्ष महाग, अशा भरवशावर कोणी कारखाना टाकत नाही. आंब्याचं वेगळं आहे. मे संपत आला, पाऊस तोंडावर आला की कोकणातला डागी, लहान, पिकत आलेला हापूस कॅनिंगला जातो. तिथला भाव फार नसतो, पण पेटीच्या भावाखाली कोणीतरी हात धरलेला असतो. टोमॅटोखाली असा हात नाही.

आणखी एक तक्रार: वाशीला भाव चार रुपये आणि ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर वीस, हे कसं? थोडी नफेखोरी असते, नाही असं नाही. पण किरकोळ भावात मालाची किंमत हा एक तुकडा असतो. टेम्पो, हमाली, बसायची जागा, दिवसभराची मजुरी आणि संध्याकाळी फेकून द्यावा लागणारा माल यांचा किलोमागचा खर्च टोमॅटो चारचा असो की चाळीसचा, साधारण तेवढाच राहतो. शिवाय विक्रेत्याला उद्याचा भाव माहीत नसतो, म्हणून वाढ तो लगेच लावतो आणि उतार जरा दबकत देतो. परिणाम असा की ग्लट शेतकऱ्याला पुरा पोचतो आणि गिऱ्हाइकाला अर्धामुर्धा. भाव पडल्याचं गिऱ्हाइकाला नीट कळलंच नाही तर तो जास्त घेणार कसा? मग उठाव वाढत नाही आणि माल तुंबलेलाच राहतो.

आता शब्दाकडे. ‘ग्लट’चं मूळ लॅटिनमधल्या गिळण्याच्या क्रियापदात आहे, खादाडाला इंग्रजीत ‘ग्लटन’ म्हणतात तो याच घरातला. म्हणून या शब्दात नेहमी एक घशाशी आल्याची भावना असते. ‘ॲबंडन्स’ म्हणजे मुबलकता, त्यात तक्रार नाही. ‘सरप्लस’ हा हिशेबनिसाचा शब्द, खर्च वजा जाता उरलं ते, बरंवाईट काही नाही. ‘सरफिट’मध्ये कंटाळा, अजीर्ण. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री 1135 मध्ये लॅम्प्री नावाचे मासे नको तेवढे खाऊन मेला अशी जुनी नोंद आहे आणि ती सांगताना इंग्रज हटकून हाच शब्द वापरतात. ‘प्लेथोरा’ मुळात वैद्यांचा. अंगात रक्त फाजील झालं की त्याला ग्रीक वैद्य प्लेथोरा म्हणत, आणि त्यावरचा इलाज म्हणजे शीर कापून रक्त काढणं. हा इलाज युरोपात शतकानुशतकं चालला. आता तो शब्द ‘ढीगभर पर्याय’ एवढ्यावर उतरलाय. चपलांच्या दुकानात डिझाइन्सचा प्लेथोरा असू शकतो, त्याला ग्लट म्हणणार नाहीत. दुकानदाराच्या गोदामात न खपलेले पाच हजार जोड पडले असतील तर तो ग्लट. आनंदाचा, प्रेमाचा ग्लट कोणी लिहीत नाही. लिहिलाच तर टोमणा असतो.

ग्लटचा सगळ्यात विचित्र नमुना भाजीचा नाही, तेलाचा आहे. 20 एप्रिल 2020. जग लॉकडाउनमध्ये, विमानं जमिनीवर, गाड्या घरात. त्या दिवशी अमेरिकी कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या सौद्याचा (म्हणजे मेमध्ये तेल देण्याघेण्याच्या आधीच केलेल्या कराराचा) भाव बंद होताना पिंपामागे उणे 37.63 डॉलर होता. उणे, म्हणजे विकणाराच घेणाऱ्याला पैसे देत होता: बाबा, घेऊन जा. तेल सडत नाही, मग एवढी घाई कसली? तो सौदा दुसऱ्या दिवशी संपत होता. ज्याच्या हातात तो राहील त्याला ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग नावाच्या गावी खरोखरचं तेल ताब्यात घ्यावं लागणार होतं, आणि तिथल्या टाक्यांत जागा उरली नव्हती. जी होती ती आधीच बोलली गेलेली. ज्यांनी नुसते कागद खेळण्यासाठी सौदे घेतले होते त्यांच्याकडे एक डबाही नव्हता. तेच तेल पुढच्या महिन्याच्या सौद्यात त्याच दिवशी चांगले पैसे देऊन विकलं जात होतं. कोथिंबिरीच्या गरम जुडीत जे घडतं तेच तिथे घडलं. फक्त सडण्याची जागा तारखेने घेतली.

जागेचा मुद्दा कांद्याच्या निर्यातीत दिसतो. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून एरवी कांदा आखातात, मलेशियाला, श्रीलंकेला जातो. केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती मे 2024 मध्ये खुली केली. शहरी गिऱ्हाइकासाठी यात तर्क आहे, नाही असं कसं म्हणू. पण बंदी आली त्या दिवशी शेतात एकही कांदा वाढला नव्हता. जगाचा बाजार देशापुरता झाला आणि कालपर्यंत पुरेसा असलेला माल आज जास्त ठरला. ग्लट असा कागदावरच्या एका ओळीनेही तयार होतो.

इथे एक जुना वाद थोडक्यात सांगतो, कारण त्याचं नावच ‘जनरल ग्लट’ असं आहे. एखाद्या वस्तूचा ग्लट होतो हे सगळ्यांनाच मान्य. पण सगळ्याच वस्तूंचा एकदम होऊ शकतो का? फ्रान्सचे ज्याँ-बातिस्त से आणि इंग्लंडचे डेव्हिड रिकार्डो हे अर्थतज्ज्ञ म्हणत, नाही. माणूस माल विकतो तो दुसरा माल घ्यायलाच, त्यामुळे एकीकडे तुंबलं तर दुसरीकडे कमी पडलेलं असणार. नेपोलियनची युद्धं 1815 मध्ये संपल्यावर इंग्लंडात मंदी आली, मालाला उठाव नाही आणि कामगारांना काम नाही. ते बघून इंग्लंडचेच दुसरे अर्थतज्ज्ञ थॉमस माल्थस म्हणाले, होऊ शकतो, लोकांनी खर्च आखडून फार बचत केली तर. माल्थस तेव्हा हरले. 1930 च्या मंदीत ब्राझीलने कॉफीची कोट्यवधी पोती जाळली आणि समुद्रात टाकली. 1936 मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी आपल्या ग्रंथात माल्थस यांची बाजू पुन्हा उचलून धरली. तो वाद अर्थशास्त्रात अजून पुरता मिटलेला नाही.

राहिला प्रश्न ग्लट पुन्हापुन्हा का येतो याचा. शेतकरी लावणी करतो ती आजचा भाव बघून, आणि विकतो तेव्हाचा भाव वेगळाच असतो. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या पार गेला. ते बघून ज्याला जमलं त्याने टोमॅटो लावला. ऑगस्टच्या अखेरीपासून माल येऊ लागला आणि सप्टेंबरात शेतकऱ्याला किलोला पाच रुपये मिळायची मारामार. पुढच्या खेपेला लोक हात आखडता घेतात, माल कमी येतो, भाव चढतो, पुन्हा सगळे लावतात. आलेखावर काढलं तर ही चढउतार कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी 1934 मध्ये याला ‘कॉबवेब’ असं नाव दिलं. शेतकरी मूर्ख नसतो. शेजाऱ्याने काय लावलंय हे त्याला कळतं, पण तीन जिल्ह्यांपलीकडच्या लोकांनी काय लावलंय हे कळायला सोय नाही. आणि कळलं तरी त्याच्या एकट्याच्या दोन एकरांनी वाशीचा भाव हलत नाही, म्हणून थांबण्यात त्याचा स्वतःचा फायदा नसतो.

या फेऱ्याची लांबी माल तयार व्हायला लागणाऱ्या वेळेवर ठरते. कोथिंबीर दीड महिन्यात येते, त्यामुळे तिचा भाव वर्षातून अनेकदा आकाशपाताळ एक करतो. टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-तीन महिने. आणि घरांना? जमीन घेण्यापासून ताबा देईपर्यंत बांधकामाला पाच-सात वर्षं सहज जातात. तेजीत सगळ्या बिल्डरांनी एकदम जमिनी घेतल्या की सगळ्यांचे ताबेही एकदम येतात. तळोजा, उलवे, घोडबंदर रोड या पट्ट्यांत ताबा दिलेल्या इमारतींकडे संध्याकाळी वर बघितलं की किती खिडक्यांत दिवे नाहीत ते दिसतं. पण इथे भाव टोमॅटोसारखा पडत नाही. फ्लॅट सडत नाही, बिल्डर थांबू शकतो, निदान बँकेचं व्याज परवडेपर्यंत. शिवाय दर उघडपणे उतरवला तर आधी घेतलेले लोक भांडायला येतात आणि पुढचे आणखी उतरण्याची वाट बघतात. म्हणून चौरस फुटाचा दर फलकावर तोच राहतो आणि खाली स्टॅम्प ड्युटी माफ, मॉड्युलर किचन फुकट, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, अशा ओळी वाढत जातात. आडत्याने सकाळी अकरा वाजता भाव सोडणं आणि बिल्डरने किचन फुकट देणं ही एकाच जातीची कामं आहेत. एकाला काही तास मिळतात, दुसऱ्याला काही वर्षं.